हॅलोविन हॉरर नाइट्सचे क्लू कसे वाचायचे: नव्या चाहत्यांसाठी

फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहरात युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा हे थीम पार्क आहे. तिथे दरवर्षी ठरावीक रात्री 'हॅलोविन हॉरर नाइट्स' हा इव्हेंट होतो. चाहते त्याला नुसतं 'एचएचएन' म्हणतात. २०२५ मध्ये तो २९ ऑगस्टला सुरू झाला आणि २ नोव्हेंबरपर्यंत ४८ रात्री चालला. आत दहा 'हाउस', म्हणजे भुताची घरं, होती. ही दहा नावं पार्क कधीच एका दमात सांगत नाही. एकेक करून सोडतं, मध्ये आठवडेच्या आठवडे गप्प बसतं आणि मग अचानक एका दुपारी चार नावं जाहीर करतं. त्या आधीच्या महिन्यांत चाहते मिळेल त्या खुणांवरून ही नावं ओळखायचा जो खेळ करतात, त्याला क्लू सोडवणं म्हणायचं. तुम्ही यात नवे असाल, फ्लोरिडात राहत असाल किंवा पुण्यात बसून नुसतीच मजा घेणार असाल, तर कुठून सुरुवात करायची ते सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. क्लू काय सांगतोय हे नंतर बघा. तो तुमच्यासमोर कुणी ठेवला आणि त्यात त्याचा काय फायदा, हे आधी बघा. नवे लोक कोडं दिसलं की सोडवायलाच बसतात. मुरलेले आधी विचारतात, हे आलं कुठून?

पायरी पहिली: चार शब्द

'हाउस' म्हणजे चालत जायचा भुताटकीचा मार्ग. प्रत्येक खोलीत सेट, आवाज, वास, आणि पडद्यामागून अंगावर येणारे 'स्केअरअ‍ॅक्टर'. 'स्केअर झोन' हे पार्कच्या रस्त्यांवरच उघड्यावर असतात, त्यांना रांग नसते. 'आयकॉन' म्हणजे त्या वर्षाचा सूत्रधार, पोस्टरवरचा चेहरा. हा दरवर्षी असतोच असं नाही. आणि हाउसचे दोन प्रकार: 'आयपी', म्हणजे एखाद्या चित्रपटाचे, मालिकेचे, गेमचे हक्क घेऊन केलेलं, आणि 'ओरिजिनल', म्हणजे युनिव्हर्सलच्या मंडळींनी स्वतः रचलेलं. बाहेरचे लोक आयपीसाठी येतात. जुने चाहते ओरिजिनलसाठी जीव टाकतात, आणि माझंही मत त्यांच्याच बाजूने आहे.

पायरी दुसरी: साधी आकडेमोड

कोडी सोडवण्याआधी कॅलेंडर सोडवा. अमेरिकेत लेबर डे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असतो. आता सुरुवातीच्या तारखा पाहा: २०२१ मध्ये ३ सप्टेंबर, २०२२ मध्ये २ सप्टेंबर, २०२३ मध्ये १ सप्टेंबर, २०२४ मध्ये ३० ऑगस्ट, २०२५ मध्ये २९ ऑगस्ट. पाचही वेळा लेबर डेच्या आधीचा शुक्रवार. २०१९ मध्ये मात्र लेबर डे उलटून गेल्यावर, ६ सप्टेंबरला पडदा उघडला होता. म्हणजे हा काही दगडावरचा नियम नाही, पण कुणी 'यंदा सप्टेंबरच्या मध्यावर' असं छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडे सबळ कारण हवं. तुम्हाला हे कळायला कुणी आतला माणूस लागला नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरलं.

दुसरी आकडेमोड क्रमांकाची. १९९१ मध्ये हा प्रकार 'फ्राइट नाइट्स' नावाने फक्त तीन रात्री झाला. हाउस एकच होतं, 'डंजन ऑफ टेरर', आणि ते 'जॉज' या राइडच्या रांगेच्या जागेत बसवलेलं. पुढच्या वर्षी नाव बदललं. तो पहिला इव्हेंट धरून मोजलं तर २०१९ चा एकोणतिसावा. २०२० मध्ये साथीमुळे इव्हेंट रद्द झाला, म्हणून तिसावा क्रमांक २०२१ ला मिळाला. तेव्हापासून वर्ष आणि क्रमांक यांचा मेळ एकाने सरकला आहे: २०२५ चा चौतिसावा, याच हिशेबाने २०२६ चा पस्तिसावा.

क्रमांकाचं एवढं कौतुक कशाला? कारण गोल आकड्यांना जुनी मंडळी परत येतात. जॅक नावाचा विदूषक २००० मध्ये, म्हणजे दहाव्या वर्षी, पहिल्यांदा आला. २००६ मध्ये, सोळाव्या वर्षी, 'स्वीट सिक्स्टीन' म्हणत तोवरचे आयकॉन एकत्र आणले (सोळा गोल नाही, पण अमेरिकेत सोळावा वाढदिवस खास मानतात). २०१० मध्ये, विसाव्या वर्षी, 'फिअर' नावाचा नवा आयकॉन आला आणि आधीचे सगळे आयकॉन त्याचेच हस्तक निघाले. पंचविसाव्याला पुन्हा जॅक. तिसाव्यालाही जॅकच. त्यामुळे पाचाच्या पटीतल्या वर्षी जॅकची अफवा उठली तर ती बातमी समजू नका. ती सवय आहे.

पायरी तिसरी: स्पेक मॅप

चाहत्यांचे काही जुने गट दरवर्षी 'स्पेक्युलेशन मॅप' काढतात. बोलताना 'स्पेक मॅप'. पार्कचा नकाशा घ्यायचा, त्यावर हाउसच्या जागा खुणावायच्या आणि प्रत्येक जागेवर काय येणार याचा अंदाज लिहायचा. जागा साधारण माहीत असतात: चित्रीकरणासाठी बांधलेले साउंडस्टेज, 'मेन इन ब्लॅक' राइडच्या मागच्या बाजूचे मोठे तंबू, परेडची वाहनं ठेवायची इमारत, आणि अशाच काही.

नवा माणूस नकाशातलं नाव वाचतो. तुम्ही आधी जागा वाचा. साउंडस्टेजमध्ये उंची मिळते, त्यामुळे दुमजली घराचा दर्शनी भाग, जहाज, किल्ला असं काही तिथे उभं राहू शकतं. तंबूत छत खाली येतं. एखादा अंदाज 'तंबूत भव्य किल्ला' म्हणत असेल तर भुवई उंचावायला हरकत नाही.

नकाशावर बऱ्याचदा नावाऐवजी कोडनेम दिसतं. आतून माहिती मिळालेली असते, पण खरं नाव फोडलं तर ते कुणी सांगितलं हेही उघडं पडतं. म्हणून एखादा आडवळणाचा शब्द ठेवतात. त्या शब्दाचा अर्थ लावत बसण्यात लोकांच्या रात्री जातात. माझा सल्ला असा की कोडनेम कुठल्या जागेवर आहे आणि आवृत्तीगणिक ते सरकतंय का, एवढंच टिपा. शब्द तोच राहून जागा बदलली, तर नकाशा काढणाऱ्याला काहीतरी नवं कळलंय. शब्द बदलला आणि जागा तीच राहिली, तर बहुधा तो आधी चुकला होता. नकाशाच्या जुन्या आवृत्त्या म्हणूनच जपून ठेवा. शेवटची आवृत्ती बरोबर येतेच, तोवर निम्मी नावं जाहीर झालेली असतात. फेब्रुवारीची आवृत्ती किती बरोबर होती त्यावरून त्या गटाची लायकी ठरवा.

पायरी चौथी: क्लूची प्रतवारी

मी क्लूचे चार ढीग करतो.

पहिला ढीग सरकारी कागदांचा. फ्लोरिडात सार्वजनिक नोंदी बऱ्याच मोकळ्या आहेत. ऑर्लँडो ज्या ऑरेंज काउंटीत येतं, तिथल्या कम्प्ट्रोलरच्या, म्हणजे हिशेब आणि नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात 'नोटीस ऑफ कमेन्समेंट' नोंदवली जाते, म्हणजे बांधकाम सुरू करत असल्याची सूचना. ती कुणालाही ऑनलाइन शोधता येते. त्यात पत्ता, ठेकेदार, कामाचं मोघम वर्णन असतं. हाउसचं नाव शोधायला जाल तर हात हलवत परत याल. कागद 'कुठे' सांगतो, 'काय' सांगत नाही. पण जेवढं सांगतो तेवढं खरं असतं, कारण तो चाहत्यांना खूश करायला लिहिलेला नसतो. ट्रेडमार्कचे अर्ज याच ढिगात येतात, पण एक पायरी खाली. अमेरिकेत एखादं नाव पुढे वापरायचा इरादा आहे एवढ्यावरही अर्ज करता येतो, आणि कंपन्या असे अर्ज करून विसरूनही जातात.

दुसरा ढीग डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचा. तंबू कधी उभे राहिले, साउंडस्टेजच्या दारात कसलं लाकूडकाम पडलंय, कुठल्या रंगाचे खांब आत गेले. 'हॉलीवूड रिप राइड रॉकिट' या रोलर कोस्टरची चढण सरळ उभी, १६७ फुटांची होती आणि वर पोचेपर्यंत पार्कच्या मागची बाजू छान दिसायची. ते कोस्टर ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झालं आणि चाहत्यांचं फुकटचं मचाण गेलं. फोटो पाहताना एकच पथ्य पाळा: फोटो कधीचा आहे ते विचारा. मागच्या वर्षीचा सेट मोडतानाचा फोटो या वर्षीचा सेट उभारतानाचा म्हणून फिरतो, आणि दोन्ही अवस्थेत सेट सारखाच अर्धवट दिसतो.

याच ढिगात ऑडिशनच्या जाहिराती घाला. स्केअरअ‍ॅक्टर निवडताना उंचीच्या मर्यादा दिल्या जातात, कारण पोशाख आणि लपायच्या जागा मापाने केलेल्या असतात. उंच काठ्यांवर चालणारे हवे असतील तर स्केअर झोनचा विचार करा. हाउसच्या अरुंद वाटेत काठ्या घेऊन कोण चालणार?

तिसरा ढीग माणसांच्या बोलण्याचा, म्हणजे 'इनसायडर'चा. यातले काही खरोखर आतले असतात. त्यांची परीक्षा सोपी आहे. खरा माणूस अधूनमधून 'हे मला माहीत नाही' म्हणतो. दहाच्या दहा हाउस, पाचही झोन आणि आयकॉन, सगळं एका यादीत, तेही डिसेंबरात? अशी यादी बघा, हसा आणि पुढे जा. खोट्या यादीची आणखी एक खूण म्हणजे तिच्यात सगळे नावाजलेले आयपी असतात. खऱ्या यादीत निम्मी नावं ऐकलेलीच नसतात.

चौथा ढीग पार्कने स्वतः टाकलेल्या क्लूंचा. टीझर, धूसर चित्र, 'ट्रिब्यूट स्टोअर' या सजवलेल्या दुकानाच्या भिंतीवर लपवलेली नावं आणि आकडे. हा ढीग सगळ्यात मजेचा. पण माहितीच्या दृष्टीने फसवा, कारण इथे कोडं घालणाऱ्याला तुम्ही कधी सोडवावं हेही ठरवायचं असतं. टीझर खोटं बोलत नाही, फक्त पार्कला हव्या त्या वेळी, हवं तेवढंच तुम्हाला सांगतो. कॅलिफोर्नियात हॉलीवूडलाही युनिव्हर्सलचं पार्क आहे; तिथे वर्षानुवर्षं हा इव्हेंट घडवणारे जॉन मर्डी सोशल मीडियावर चाहत्यांना असे चिमटे काढण्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या एकेका वाक्याचा कीस पाडणारे लोक आहेत. पाडू द्या.

पायरी पाचवी: आयपीचा अंदाज

इथे भुतांपेक्षा वकील महत्त्वाचे. स्वतःला तीन प्रश्न विचारा: हक्क कुणाकडे आहेत, त्या मालकाला सध्या कशाची जाहिरात हवी आहे, आणि युनिव्हर्सलशी त्याचे संबंध कसे आहेत?

उदाहरणं घ्या. २०२३ मध्ये 'द एक्सॉर्सिस्ट: बिलीव्हर'चं हाउस होतं आणि तो चित्रपट युनिव्हर्सलनेच त्याच ऑक्टोबरात आणला. 'फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज'चा पहिला चित्रपट २०२३ चा, दुसरा डिसेंबर २०२५ चा, आणि हाउस आलं ते बरोबर दुसऱ्याच्या तोंडावर, २०२५ च्या हंगामात. 'फॉलआउट' मालिकेचा दुसरा सीझनही २०२५ च्या डिसेंबरात, हाउस त्याच हंगामात. म्हणून शरद ऋतूत किंवा नाताळात काय येतंय याची यादी आधी करा आणि मग अफवा वाचा. उलट क्रमाने केलंत तर प्रत्येक अफवा पटते.

पण कॅलेंडरने सगळं सुटत नाही. २०२२ मध्ये द वीकेंड या गायकाच्या 'आफ्टर आवर्स' या अल्बमवर हाउस झालं. भुताटकीचे चित्रपट चाळत बसलेल्या माणसाला ते कुठून सुचणार? आणि २०२५ मध्ये कुस्तीवाल्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या 'वायट सिक्स' या टोळीवर!

मालिका तुटते तेव्हा जास्त लक्ष द्या. युनिव्हर्सलचे स्वतःचे जुने राक्षस, म्हणजे ड्रॅक्युला, फ्रँकन्स्टाइनचा राक्षस, ममी वगैरे, ऑर्लँडोत २०२१ ते २०२४ सलग चार वर्षं हाउसमध्ये होते. २०२५ मध्ये नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात 'एपिक युनिव्हर्स' हे नवं पार्क उघडलं आणि त्यात 'डार्क युनिव्हर्स' नावाचा अख्खा विभाग याच राक्षसांना मिळाला. पार्कने कारण सांगितलेलं नाही, पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की तर्क आपोआप होतो. असे तर्क कोडनेमच्या दहा विग्रहांपेक्षा मोलाचे.

अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्याकडेही पाहा. 'मॉन्स्ट्रुओस' हे लॅटिन अमेरिकेतल्या भुतांचं हाउस २०२३ मध्ये हॉलीवूडला झालं आणि २०२४ मध्ये ऑर्लँडोत आलं.

पायरी सहावी: ओरिजिनलचा अंदाज, म्हणजे जुन्या कहाण्यांचं वाचन

हा भाग सगळ्यात कठीण आणि सगळ्यात रसाळ. ओरिजिनल हाउसला ट्रेलर नसतो, हक्कांचा करार नसतो, प्रदर्शनाची तारीख नसते. पण त्याला पूर्वज असतात.

डॉक्टर ऑडफेलोचीच गोष्ट घ्या. जॅक विदूषकाच्या मूळ कहाणीत तो एका फिरत्या जत्रेत काम करायचा, 'डॉक्टर ऑडफेलोज कार्निव्हल ऑफ थ्रिल्स'. जॅकच्या हातून मुलांचे खून झाले, पोलीस मागावर आले, तेव्हा जत्रेच्या मालकाने जॅकलाच संपवून प्रेत जत्रेतल्या भुताच्या घरात दडवलं. मालक म्हणजेच ऑडफेलो. वर्षानुवर्षं तो जॅकच्या कहाणीतलं एक नाव एवढाच होता. २०२३ मध्ये तोच आयकॉन झाला, त्याच्या नावाचं हाउस आलं आणि पाचही स्केअर झोन त्याच्या कहाणीत गुंफले गेले. ज्यांनी जुन्या कथा वाचल्या होत्या त्यांना नाव कानावर पडताच सूत्र लागलं. बाकीचे 'हा कोण बुवा?' म्हणून विचारत राहिले.

किंवा २०२२ चा 'स्वीट रिव्हेंज' हा स्केअर झोन. मेजर स्वीट्स कंपनीच्या गोळ्या खाऊन बिथरलेली मुलं, असा त्याचा मामला. दोन वर्षांनी 'मेजर स्वीट्स कँडी फॅक्टरी' हे पूर्ण हाउस आलं. २०१८ च्या 'स्लॉटर सिनेमा'चा दुसरा भाग २०२४ मध्ये. २०२३ चं 'ड्युएलिंग ड्रॅगन्स' हाउस तर शेजारच्या पार्कातल्या, २०१७ मध्ये मोडीत निघालेल्या कोस्टरच्या कथेवर.

तेव्हा अभ्यास असा करा: मागच्या चार-पाच वर्षांच्या हाउस आणि झोनची यादी काढा, आणि प्रत्येकातल्या दुय्यम गोष्टी टिपा. दुकानांच्या पाट्या, गावांची नावं, कंपन्यांची नावं, भिंतीवरच्या पोस्टरवरची माणसं. युनिव्हर्सलच्या मंडळींना आपलंच जुनं सामान माळ्यावरून काढायला फार आवडतं. नवा टीझर आला की आधी या यादीत शोधा, मग बाहेर.

पायरी सातवी: वही

एक वही किंवा एक्सेलची शीट. रकाने पाच: तारीख, क्लू, कुठल्या ढिगातला, कशाच्या बाजूने जातो, आणि तुमचा विश्वास दहापैकी किती. अंदाज जाहीर नावाच्या आधी लिहिलेला हवा, आणि तारखेसकट. नंतर 'मला वाटलंच होतं' म्हणणाऱ्यांची कमतरता नाही. एकाच बातमीचे पाच पडसाद पाच क्लू म्हणून मोजू नका. मूळ शोधा आणि एकदाच लिहा.

एक रकाना 'बदललं' यासाठीही ठेवा. सगळं ठरल्यावरही गोष्टी फिरतात. २००१ मध्ये जॅकचा भाऊ एडी, करवत घेतलेला, आयकॉन म्हणून पुढे आणायचं ठरलं होतं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर त्याला मागे सारलं आणि रक्तपात कमी केला. त्या वर्षीचे जुलैतले अंदाज चुकीचे नव्हते, जगच मध्ये आलं.

काही पथ्यं

कुंपण ओलांडू नका, ड्रोन उडवू नका. कर्मचाऱ्याला खोदून विचारू नका, त्याच्या नोकरीचा प्रश्न असतो. ज्यांना आधी कळायला नको असतं त्यांच्यासमोर अंदाज बडबडू नका. आणि मुलांना न्यायचा विचार असेल तर युनिव्हर्सल स्वतःच तेरा वर्षांखालच्यांना हा इव्हेंट योग्य नाही असं सांगतं. वेशभूषा आणि मुखवटे घालून प्रवेश मिळत नाही, त्यामुळे जॅकचा पोशाख घरीच ठेवा.

भारतातून जवळचा पर्याय

सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये हा इव्हेंट २०११ पासून होतो. तिथे बरीच मराठी कुटुंबं आहेत, आणि मुंबईहून तिथे पोचणं ऑर्लँडोपेक्षा कितीतरी सोपं. पद्धत हीच लागू पडते, फक्त सहाव्या पायरीत एक भर घाला: आशियातल्या लोककथा. २०१८ मध्ये तिथे 'पॉन्टियानाक'चं हाउस होतं. ही मलय लोककथेतली, बाळंतपणात मेलेल्या बाईची भूतयोनी, म्हणजे आपल्या हडळीची जवळची नातेवाईक. त्याच वर्षी 'स्ट्रेंजर थिंग्ज' मात्र ऑर्लँडो, हॉलीवूड आणि सिंगापूर तिन्हीकडे होतं. म्हणजे मोठ्या आयपीसाठी अमेरिकेकडे कान लावा, आणि ओरिजिनलसाठी सिंगापूरच्या आजीबाईंना विचारा.